मागचं डावं अलॉय पुन्हा घासलं? दुरुस्ती का टिकत नाही आणि कशी टिकवायची

गेल्या तीन वर्षांत माझ्या गाडीचं एकच अलॉय, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं चाक, चार वेळा घासलं. मागचं डावं. बाकीची तीन अजून बऱ्यापैकी नवी दिसतात. पहिल्या वेळी मीच सिल्व्हर स्प्रे मारला. दोन महिन्यांत त्याचे पापुद्रे निघाले. दुसऱ्या वेळी दुकानात दिलं. पावसाळा संपता संपता लॅकरच्या, म्हणजे वरच्या पारदर्शक थराच्या, आत पांढऱ्या अळ्यांसारख्या रेघा उमटल्या. तिसऱ्या वेळी काम झकास झालं, आणि सतराव्या दिवशी चाक पुन्हा घासलं.

तेव्हा कुठे लक्षात आलं की माझ्या तक्रारी दोन होत्या आणि मी त्या एकच समजत होतो. केलेली दुरुस्ती टिकत नाही, ही एक. चाक पुन्हा पुन्हा घासतं, ही दुसरी. पहिलीला रंगकाम जबाबदार होतं. दुसरीला मी आणि एक दगड. दोन्हींचा शोध कसा घ्यायचा ते लिहितोय, कारण पुण्यात निदान माझ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये तरी दर तिसऱ्या गाडीचं डावं अलॉय सोललेलं दिसतं.

आधी नख फिरवा

चाक धुऊन कोरडं करा आणि ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख कुठेच अडकत नसेल तर बहुतेक वेळा चाकाला काही झालेलंच नसतं. आपल्याकडे फुटपाथ आणि डिव्हायडरच्या कडा काळ्या-पिवळ्या नाहीतर काळ्या-पांढऱ्या रंगवतात, आणि तो रंग चाकाला पुसला जातो. मऊ सुती कापडावर थोडं टर्पेंटाइन घेऊन हलक्या हाताने पुसा, मग रबिंग कंपाउंड लावा. थिनर वापरू नका. चाकावर आधी कुणी स्प्रे कॅनने रंग मारला असेल तर थिनर तो रंगही सोबत घेऊन येतो. शेजारच्या काकूंच्या गाडीचं असं ‘घासलेलं’ चाक दहा मिनिटांत साफ झालं. त्यांनी तोवर दोन दुकानांत रंगाचा भाव विचारून ठेवला होता.

नख अडकलं, तर लॅकर आणि रंग फाटून जखम धातूपर्यंत गेली आहे. आता खुणेचा आकार बघा. चाकाच्या पूर्ण घेराला छोटे छोटे तिरके चरे असतील तर गाडी फुटपाथला चिकटून काही फूट चालली आहे. एकाच ठिकाणी खोल खड्डा आणि बाकी घेर स्वच्छ असेल तर तो एक ठोका आहे आणि तो जास्त गंभीरपणे घ्यायचा, ते पुढे येईलच. तिसरा प्रकार फसवा: रिमच्या अगदी ओठावर वीतभर अंतराने दोन-तीन चकचकीत दाबलेल्या खुणा. त्यांचा फुटपाथशी काही संबंध नाही. टायर काढताना लोखंडी पट्टीने रिमवर जोर दिला की त्या उमटतात. पंक्चर काढून आणल्यावर अशा खुणा दिसल्या तर पुढच्या वेळी मशीनवर, प्लास्टिकचं संरक्षण लावून टायर काढायला सांगा. अलॉयच्या ओठावर ठोकून बसवलेली शिशाची वजनंही तिथला रंग फोडतात; अलॉयला आतल्या बाजूने चिकटवायची वजनं लावून घ्या.

कोणतं चाक घासतं, त्यावरून दगड सापडतो

आपण उजवीकडे बसतो, त्यामुळे डावी बाजू आपल्याला दिसत नाही हे खरं. पण डावीकडचंही कोणतं चाक, हे महत्त्वाचं. पुढचं डावं घासत असेल तर बहुधा रस्त्याकडेला गाडी लावताना. उजवीकडची घासत असतील तर यू-टर्नचे डिव्हायडर, पेट्रोल पंपाचे ओटे आणि मॉलच्या पार्किंगमधले गोल रॅम्प तपासा. त्या रॅम्पच्या कडेच्या पट्टीवर सगळ्या कंपन्यांच्या चाकांचा नमुना बघायला मिळतो.

मागचं डावं घासत असेल तर तुम्ही डावीकडचं वळण लवकर घेताय. गाडी वळताना मागची चाकं पुढच्या चाकांच्या मागोमाग जात नाहीत, कोपरा कापतात. पुढचं आतलं चाक ५ मीटर त्रिज्येच्या वळणावर असेल आणि दोन्ही चाकांमधलं अंतर, म्हणजे व्हीलबेस, अडीच मीटर असेल, तर मागचं चाक पुढच्यापेक्षा जवळजवळ ६७ सेंटिमीटर आतून जातं. पुढचं चाक दगडापासून फूटभर लांब गेलं म्हणून आपण निर्धास्त होतो, आणि मागचं थेट दगडावर.

हे गणित मला नंतर कळलं. आधी कळलं ते वॉचमनकाकांकडून. मी चाकाजवळ उकिडवा बसून फोटो काढत होतो. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, पुढचं चाक बरोबर जातं तुमचं. मागचं रोज त्या दगडाला पुसून जातं.” “रोज?” “रोज नाही. फोनवर बोलत आलात की.”

गेटच्या खांबाला लागून फुटपाथचा शेवटचा दगड बाहेर आलेला आहे. वाकून बघितलं तर त्याच्या वरच्या कडेला हातभर लांब चंदेरी रेघ होती. बोट फिरवलं तर बोटावर करडी पूड आली, पेन्सिलच्या शिशासारखी. माझ्या चाकाचं अ‍ॅल्युमिनियम तिथे जमा झालं होतं. तुमचंही एकच चाक वारंवार घासत असेल तर रोजच्या वाटेवरची वळणं आठवा आणि तिथल्या दगडांवर ही रेघ शोधा.

दगड मोजला. उंची २१ सेंटिमीटर. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांबाबतच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नसावी असं म्हटलंय. म्हणजे दगड नियमापेक्षा उंच. पण १५० मिलिमीटरचा असता तरी चाक घासलंच असतं. माझा टायर १९५/५५ आर १६ आहे. १९५ चे ५५ टक्के म्हणजे सुमारे १०७ मिलिमीटर ही टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची, आणि गाडीच्या वजनाने तळाशी ती आणखी दबते. तेवढ्यापेक्षा उंच असलेला कोणताही दगड रबराला नाही, सरळ रिमला भेटतो. दिसायला छान म्हणून २१५/४५ आर १७ घातले की हीच भिंत ९७ मिलिमीटरवर येते. ज्यांनी मोठी चाकं टाकल्यापासून घासायला लागलं अशी तक्रार आहे, त्यांचं कारण बहुतेक इथेच.

खरचटलं आहे की दुखावलं आहे

रंगाला हात लावण्याआधी एवढं तपासाच. विशेषतः एकाच ठिकाणी ठोका असेल तर.

टायरच्या बाजूला फुगा आला असेल किंवा चिरेतून धागे दिसत असतील तर आतले तंतू तुटले आहेत. त्याला दुरुस्ती नाही, टायर बदला. फुगा छोटा आहे, अजून सहा महिने चालेल, असं सांगणारे भेटतात. त्यांच्या गाडीला तो टायर लावू द्या.

ताशी ८० ते १०० च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरत असेल तर पुढचं, आणि सीट थरथरत असेल तर मागचं चाक वाकलेलं असू शकतं. बॅलन्सिंगच्या मशीनवर चाक फिरवून रिम डगमगतंय का बघायला सांगा. आठवड्याला तीन-चार पीएसआय हवा उतरत असेल तर कडेने साबणाचं पाणी ओतून बुडबुडे बघा. आणि चाक काढून आतली बाजूही बघा, जी आपण कधीच बघत नाही. खड्ड्यात आदळलेल्या चाकाची आतली कड वाकलेली असते आणि बाहेरचा चेहरा मात्र लग्नाला निघाल्यासारखा.

तडा दिसला तर चाक बाद समजा. साधारणपणे ही चाकं ए ३५६ नावाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची ओतलेली असतात, आणि ताकद येण्यासाठी त्यांना टी ६ ही उष्णता प्रक्रिया दिलेली असते: ५४० अंशांच्या आसपास तापवून पाण्यात विझवायचं, मग दीडशेच्या पुढेमागे काही तास मुरू द्यायचं. गॅसच्या ज्योतीवर तापवून हातोड्याने सरळ केलेलं किंवा आऱ्यावर वेल्डिंग केलेलं चाक ही सगळी मेहनत त्या जागी घालवून बसतं. वरून रंग मारला की ते कुणालाच दिसत नाही, हा त्यातला वाईट भाग. बाहेरच्या ओठाचा छोटा टवका वेल्डिंगने भरून देणारे चांगले कारागीर आहेत. त्यापलीकडे मी जात नाही.

चाक कोणत्या जातीचं आहे

माझी दुसरी दुरुस्ती इथे फसली. चाक उन्हात धरा. चेहऱ्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक वर्तुळाकार रेघा दिसल्या आणि तिरकं केल्यावर इंद्रधनुष्यासारखी चमक आली, तर ते डायमंड कट आहे. त्यावर चंदेरी रंग नसतोच. लेथवर धातू तासून चकचकीत केलेला असतो आणि वर फक्त पारदर्शक लॅकर असतो. खाचांमध्ये तेवढा काळा किंवा करडा रंग. रेघा नसतील आणि सगळीकडे एकसारखा रंग असेल तर ते साधं रंगवलेलं चाक.

डायमंड कट चाकाला लांबी (खड्डे भरायची पुट्टी) भरून सिल्व्हर मारला तर तो ठिगळासारखा दिसणारच, कारण आजूबाजूला रंग नाही, धातू आहे. माझ्या दुकानदाराने त्याहून सोपी वाट काढली. ओरखडा घासून गुळगुळीत केला आणि सगळ्यावर नवा लॅकर मारला. दिसायला महिनाभर सुंदर. पण जुन्या लॅकरच्या फाटलेल्या कडेतून आधीच पाणी आत गेलं होतं, आणि त्यावर झाकण पडलं. अ‍ॅल्युमिनियम आतल्या आत गंजत गेलं. लोखंडासारखं तांबडं न होता पांढरं, आणि एका जागी न राहता धाग्यासारखं सरकत. त्या अळ्या म्हणजे हाच गंज. कोकणात, गोव्यात, मुंबईत समुद्रकाठच्या खाऱ्या हवेत तो आणखी भराभर पसरतो.

याला उपाय दोनच. एक, सगळा लॅकर उतरवून पुन्हा लेथवर कट मारणे. प्रत्येक कटमध्ये थोडा धातू कमी होतो, त्यामुळे हे काम एका चाकाला दोनदा, फार तर तीनदा. ज्याला दर वर्षी घासायची सवय आहे त्याने या वाटेला जाऊ नये. दुसरा, डायमंड कटचा मोह सोडून चारही चाकं एका रंगात पावडर कोट करून घेणे, म्हणजे रंगाची पूड बसवून भट्टीत भाजून घेणे. मी तिसऱ्या वेळी कट मारला आणि चौथ्या वेळी गनमेटल पावडर कोट केला. घरात रंगावरून जरा चर्चा झाली, पण पुढच्या ओरखड्याला आता मी घरी हात लावू शकतो.

डायमंड कट चाक नुकतंच घासलं असेल आणि दुकानात जायला अजून काही दिवस लागणार असतील, तर निदान पाणी आत जाऊ देऊ नका. जागा पुसा, पूर्ण सुकू द्या आणि टचअपच्या ब्रशने पारदर्शक लॅकरचा पातळ हात द्या. घाईत घरातली पारदर्शक नेलपॉलिशही चालते. ती तात्पुरतीच, आणि आधी विचारून घ्यावी.

रंगवलेलं चाक घरी कसं करायचं

वडिलांच्या जुन्या हॅचबॅकची साधी सिल्व्हर चाकं मी घरी केली. त्यांना दोन पावसाळे झाले, अजून काही सुटलेलं नाही. माझ्या पहिल्या फसलेल्या स्प्रेमध्ये आणि यात रंगाचा डबा तोच होता. फरक सगळा रंगाआधीच्या कामात.

सामान: २४०, ४००, ८०० आणि १००० नंबरचा पॉलिशपेपर, पॉलिस्टर लांबी आणि तिचं हार्डनर, आयसोप्रोपिल अल्कोहोल, प्रायमर, व्हील सिल्व्हर, क्लिअर (पारदर्शक लॅकर), मास्किंग टेप, जुनी वर्तमानपत्रं आणि पत्त्यांचा एक कॅट. पुण्यात नाना पेठेत, मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर यातलं बहुतेक सगळं एका फेरीत मिळतं. पत्ते घरातलेच जुने घ्या.

चाक काढताना गाडी सपाट जागी, हँडब्रेक ओढलेला, तिरकं समोर असलेल्या चाकाला दगड. नट जॅक लावण्याआधी सैल करायचे. चाक हबला, म्हणजे ते ज्यावर बसतं त्या भागाला, चिकटलं असेल तर टायरला आलटून पालटून दोन्ही बाजूंनी लाथा मारा, पण त्या वेळी एक-दोन नट सैल का होईना, लावलेले ठेवा.

आता धुणं. चाकावर सर्वांत मोठा शत्रू चिखल नाही, टायर पॉलिश आहे. वॉशिंग सेंटरवाले जे चकचकीत द्रव टायरला फासतात त्यात सिलिकॉन असतं, ते रिमच्या कडेला बसतं, आणि त्यावर रंग मारला की माशाच्या डोळ्यासारखे गोल खळगे पडतात. माझ्या पहिल्या स्प्रेचं निम्मं वाटोळं याने केलं. डिश सोपने धुऊन, सुकवून, अल्कोहोलने दोनदा पुसा, दोन्ही वेळा वेगळं कापड घेऊन.

टायरची हवा कमी केली की रिम आणि रबर यांच्यामध्ये पत्ता सहज सरकतो. एकावर एक थोडे चढवत घेरभर पत्ते खोचा. एका चाकाला जवळपास अख्खा कॅट लागतो. टेप लावण्यापेक्षा हे सोपं आणि रंग कडेखालीही नीट जातो.

मग घासणं, आणि इथे वेळ द्या. आधी २४० ने उठलेले धातूचे काटे बसवा. धातू घासून जाईल तेवढा ओरखडा तसाच घालवा, सुमारे एक मिलिमीटर खोलीपर्यंत लांबी भरावी लागत नाही. त्यानंतर जखमेच्या भोवती दोन-तीन सेंटिमीटर जुना रंग उतरता करत जा. तिथे धातू, प्रायमर, रंग, लॅकर असे थर झाडाच्या खोडातल्या कड्यांसारखे एकाबाहेर एक दिसायला लागतात. डोळे मिटून बोट फिरवा. कुठेही पायरी लागली तर अजून घासायचंय. पायरी राहिली तर रंग तिथूनच उचलला जातो. मी पहिल्या वेळी फक्त ओरखडा घासला होता आणि भोवतालच्या गुळगुळीत लॅकरवर सरळ सिल्व्हर मारला होता. पापुद्रे बरोबर त्या सीमेवरून सुटायला लागले.

खड्डा उरला तरच लांबी. लिंबाएवढ्या गोळ्याला वाटाण्याएवढं हार्डनर, जास्त नाही. आपल्या हवेत चार-पाच मिनिटांत ती घट्ट होते, म्हणून थोडीथोडीच कालवा. ओठाच्या धारेवर जाड थर देऊ नका, पुढच्या खडीवरच टवका उडेल. सुकल्यावर २४०, मग ४०० ने आकार द्या.

प्रायमरच्या बाबतीत एक गोष्ट दुकानदारही सांगत नाहीत. उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर हवेने लगेच ऑक्साइडचा थर बसतो आणि साधा प्रायमर त्याला नीट धरत नाही. त्यासाठी एच (etch) प्रायमर असतो, ज्यात आम्ल असतं आणि तो धातूला चावतो. पण एच प्रायमरवर पॉलिस्टर लांबी भरायची नाही, ते आम्ल लांबीला नीट घट्ट होऊ देत नाही. लांबी लागणार असेल तर ती उघड्या धातूवर भरा आणि वरून इपॉक्सी प्रायमर द्या. लांबी नसेल तर एच प्रायमरचा पातळ हात. दोन्ही बाबतींत घासून झाल्यावर उद्यावर ढकलू नका, तासाभरात प्रायमर मारा. सुकल्यावर ८०० ने पाण्यासोबत हलकं घासून, पुसून, पूर्ण सुकवा.

सिल्व्हर म्हणजे एकच रंग नाही. आधी एका पुठ्ठ्यावर मारा, सुकू द्या आणि चाकाशेजारी सावलीत व उन्हात धरून बघा. स्प्रे २०-२५ सेंटिमीटरवरून, हात सतत चालता, चार पातळ थर, मधे दहा-दहा मिनिटं. एकाच थरात झाकायला गेलात तर धातूचे बारीक कण खाली बसतात आणि तो भाग काळपट दिसतो. रंगाचा शेवट आऱ्याच्या मधोमध करू नका, कुठल्यातरी खाचेपर्यंत किंवा धारेपर्यंत न्या. डोळा तिथे फरक शोधत नाही.

वर क्लिअरचे दोन-तीन थर. साध्या कॅनचा क्लिअर सोपा, पण पेट्रोल किंवा तेज क्लीनर लागला की मऊ पडतो. हार्डनरवाला टू-के क्लिअर कितीतरी टणक असतो, मात्र त्यात आयसोसायनेट हे श्वासाला घातक रसायन असतं. तो मोकळ्या हवेत आणि वाफा अडवणारा काडतुसाचा मास्क लावूनच मारायचा. कोविडच्या वेळचा कापडी मास्क इथे उपयोगाचा नाही.

रंग कुठे लागू द्यायचा नाही, हेही लक्षात ठेवा. चाक हबला टेकतं तो मागचा सपाट भाग आणि नट बसतात त्या खोलगट जागा. तिथे रंगाचा थर असला की तो चालत्या गाडीत दबतो आणि कसलेले नट सैल पडतात. दुकानातून पावडर कोट करून आणलं तरी या जागा बघून घ्या. माझ्या चारपैकी दोन चाकांवर तिथे कोट होता, तो परत पाठवून साफ करून घेतला.

हवामानाचं म्हणाल तर पावसाळ्यात हे काम काढूच नका. दमट हवेत क्लिअर सुकताना दुधासारखा पांढुरका पडतो, आणि मग सगळं पुन्हा घासावं लागतं. मे महिन्यात दुपारी चाक इतकं तापलेलं असतं की फवारा टेकण्याआधीच सुकतो आणि पृष्ठभाग खरबरीत होतो. ऑक्टोबर हीटमधली सकाळ किंवा थंडीतली दुपार उत्तम.

चोवीस तासांनी चाक बसवा. नट फुलीच्या क्रमाने, म्हणजे एक घट्ट केला की त्याच्या समोरचा. किती जोराने आवळायचे ते न्यूटन मीटरमध्ये गाडीच्या पुस्तकात असतं, छोट्या गाड्यांना बहुधा ९० ते १२० च्या दरम्यान. ५०-१०० किलोमीटर चालवून पुन्हा एकदा तपासा. टायरची हवा पूर्ववत करायला मी एकदा विसरलो होतो, तुम्ही विसरू नका. आठवडाभर चाक धुऊ नका.

दुकानात देणार असाल तर

चार ठिकाणी विचारलं तेव्हा मला रंगाचा भाव एका चाकाला दीड ते अडीच हजार आणि डायमंड कटचा त्याच्या साधारण दुप्पट सांगितला गेला. भावापेक्षा एवढं विचारा: जुना कोट पूर्ण उतरवणार की वरूनच मारणार? कोट उतरवल्यावर तडे बघता का, आणि तेव्हा मला फोटो पाठवाल का? पावडर कोट भट्टीत किती अंशांवर भाजता? साधारण २०० अंशांना पंधरा-वीस मिनिटं हे नेहमीचं उत्तर आहे. “अंदाजाने बघतो” असं म्हटलं तर चहा घेऊन निघा. शेवटी बॅलन्सिंग त्यात आहे का ते विचारा.

विम्याचा दावा करावा का, असं बरेच जण विचारतात. नुसत्या ओरखड्यासाठी करू नका. दावा न केलेल्या पहिल्या वर्षानंतर २० टक्के आणि पाच वर्षांनंतर ५० टक्क्यांपर्यंत मिळणारी नो क्लेम सवलत त्या एका चाकापायी हातची जाते.

केलेलं काम पुन्हा बिघडू नये म्हणून

काही वॉशिंग सेंटरवर अलॉय उजळायला आम्लाचं पाणी मारतात. चाक क्षणात लखलखतं, म्हणून सगळे खूश. पण ते लॅकर खातं आणि जिथे बारीकशी चीर असेल तिथून थेट अ‍ॅल्युमिनियमला भिडतं. “चाकाला फक्त शाम्पू, दादा” एवढं सांगून मी समोर उभा राहतो.

पुढच्या वेळी टायर बदलताना रिमच्या बाहेर रबराची जाड कड काढलेला टायर मिळतो का बघा. त्याला रिम प्रोटेक्टर म्हणतात. हळू वेगात दगडाला टेकलं तर ती कड आधी टेकते. जोरात घासलं तर काही वाचत नाही. हवा कमी असेल तर भिंत दबून रिम आणखी खाली येतो, तेव्हा पंधरवड्याला हवा बघा.

आणि आरसा. गाडी लावताना डावा आरसा खाली करून मागचं चाक आणि फुटपाथची कड दोन्ही एकदम दिसतील असा ठेवा. काही गाड्यांत रिव्हर्स टाकला की तो आपोआप झुकतो. ती सोय बऱ्याच जणांकडे असते आणि बंद करून ठेवलेली असते. डावीकडच्या अरुंद वळणाला मी आता पुढचं चाक मुद्दाम लांब नेतो, दगड माझ्या खांद्याच्या रेषेत आल्यावरच स्टिअरिंग कापतो. सुरुवातीला आपण उगाच रस्ता अडवतोय असं वाटतं. मागच्याने हॉर्न वाजवला तर वाजवू द्या.

सोसायटीच्या बैठकीत तो दगड कापायचा विषय मी दोनदा मांडला. पहिल्या वेळी तो पालिकेचा आहे असं ठरलं, दुसऱ्या वेळी तो आमचाच निघाला पण खर्च कोण करणार यावर थांबलं. शेवटी वॉचमनकाकांनी उरलेल्या पिवळ्या रंगाचा हात त्यावर फिरवला. माझी चंदेरी रेघ त्याखाली गेली. परवा बघितलं तर पिवळ्यावर नवी रेघ आहे, काळपट, जरा वरच्या उंचीवर. कुणाची तरी एसयूव्ही असावी.